ग्राफ श्पे आणि कोळशाचा हिशेब : प्रकल्प नोंदी

९ जून
संपादकबाईंचा फोन आला. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘समुद्र’. म्हणाल्या, "तुम्ही बॉयलरवर आयुष्य काढलंत, जहाजाच्या बॉयलरवर काहीतरी लिहा ना." मी म्हटलं, बाई, मी औष्णिक वीज केंद्रातला माणूस. समुद्राशी माझा संबंध मांडव्याच्या लाँचपुरता. त्या ऐकेनात. शेवटी एका माणसावर लिहायचं कबूल केलं : जर्मन आरमाराचा व्हाइस अ‍ॅडमिरल माक्सिमिलियन फॉन श्पे. शब्दमर्यादा ३०००, मुदत ३१ ऑगस्ट.

हाच माणूस का, तर जुनी गोष्ट आहे. पाळीवर चेन्नईचा एक सहकारी होता. एखादा इसम जास्तच बिलंदर निघाला की तो त्याला ‘एमडन’ म्हणायचा. शब्द कुठला म्हणून विचारलं तेव्हा कळलं की १९१४ साली मद्रासवर तोफा डागून गेलेल्या जर्मन जहाजाचं ते नाव. ते जहाज ज्याच्या ताफ्यातलं, तो हा श्पे. तेव्हापासून डोक्यात आहे.

१४ जून
आधी नोकरीचा सांगाडा. सेवापुस्तिका लिहितात तसा लिहून काढला.

जन्म २२ जून १८६१, कोपनहेगन. घराणं ऱ्हाइनलँडचं, कॅथलिक, सरदारी. ‘ग्राफ’ म्हणजे काउंट. १८७८ मध्ये आरमारात. १८८४ मध्ये ‘म्योव्ह’ या गनबोटीवरून पश्चिम आफ्रिकेत. टोगो आणि कॅमेरून याच मोहिमेत जर्मनीच्या ताब्यात आले. १८८७ मध्ये कॅमेरूनच्या बंदराचा अधिकारी, पण संधिवाती तापाने आजारी पडून घरी परत. १८८९ मध्ये लग्न. मुलगे ओटो आणि हाइनरिश, मुलगी हुबेर्टा. १८९७ मध्ये चीनच्या किनाऱ्याकडे. त्याच सुमारास जर्मनीने किआउत्शौचा मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने लिहून घेतला. १९०५ ते १९०८ ‘विटल्सबाख’ या युद्धनौकेचा कप्तान. मग उत्तर समुद्राच्या ठाण्यावर मुख्यालयातली खुर्ची. १९१० मध्ये रिअर अ‍ॅडमिरल. १९१२ च्या अखेरीस पूर्व आशिया ताफ्याचा प्रमुख, १९१३ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल.

चौतीस वर्षांची नोकरी बारा ओळींत संपली. खरं सांगायचं तर त्यात वाचकाला खिळवून ठेवावं असं फार नाही. चांगला, शिस्तीचा, निसर्गाची आवड असलेला, फावल्या वेळी ब्रिज खेळणारा अधिकारी. वसाहती वाढत गेल्या, त्यांच्याबरोबर तोही वर चढत गेला. त्याच्या बढत्यांचा नकाशा काढला तर तो दुसऱ्यांच्या जमिनींचा नकाशा होतो, एवढं एक वाक्य लेखात हवं. बाकी सगळा लेख शेवटच्या पाच महिन्यांचा.

१७ जून
उच्चारांवर एक दिवस गेला. मराठीत आजवर ‘स्पी’ छापत आले आहेत. जर्मन उच्चार ‘श्पे’. तोच ठेवतो. जहाजं : शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ, न्यूर्नबर्ग, लाइपझिश, ड्रेसडेन, एमडन. पहिली दोन मोठी, चिलखती क्रूझर, म्हणजे जाड पोलादी कवचाच्या युद्धनौका. गंमत म्हणजे शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ हे दोघे प्रशियाच्या भूदलाचे सेनापती. आरमाराच्या सर्वांत देखण्या जहाजांना घोडदौड करणाऱ्यांची नावं! नातीने विचारलं, "आजोबा, ही नावं लोक वाचणार कशी?" बरोबर आहे. एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त जहाजं आणायची नाहीत, असा नियम केला.

२२ जून
आज कागद-पेन घेऊन बसलो आणि लेख सापडला.

शार्नहोर्स्टच्या बंकरांत, म्हणजे कोळशाच्या कोठारांत, ठासून भरला तर २,००० टन कोळसा मावायचा. १४ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल) बेताच्या वेगाने त्यावर सुमारे ४,८०० समुद्री मैल. म्हणजे साधारण ३४३ तास, चौदा दिवस आणि थोडे तास. भागाकार केला : दिवसाला १४० टन.

आमचा २१० मेगावॉटचा एक संच तासाला जवळजवळ तेवढाच खातो! भारतीय कोळसा, राख भरपूर, त्यामुळे तासाला १४० ते १५० टन. शार्नहोर्स्ट या श्पेच्या निशाणाच्या जहाजाचा अख्खा दिवस म्हणजे आमच्या एका संचाचा एक तास. आणि तेवढ्यासाठी हा माणूस पाच महिने अर्ध्या जगावर वणवण फिरला. आमच्या इथे रेक, म्हणजे कोळशाची मालगाडी, उशिरा आला की फोन सुरू व्हायचे. त्याच्याकडे रेकच नव्हता.

वेग वाढवला की काय होतं तेही मांडलं. लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाने वाढते. १४ वरून २२ नॉटवर गेलं की तासाचा खप जवळजवळ चौपट. चौदा दिवसांचा साठा चार दिवसांतच खलास. म्हणजे लढाई आली की बंकर डोळ्यांदेखत रिकामे होणार. हे एकदा समजलं की श्पेचे अनेक ‘विचित्र’ निर्णय विचित्र वाटत नाहीत.

२९ जून
ऑगस्ट १९१४ चा भाग लिहिला. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा श्पे आपल्या तळावर, चीनच्या किनाऱ्यावरच्या त्सिंगटाओला नव्हताच. मोठी जहाजं घेऊन तो पॅसिफिकमधल्या पोनापे बेटाजवळ होता. जपान युद्धात उतरणार हे दिसताच परतीची वाट बंद. १३ ऑगस्टला पागान बेटापाशी कप्तानांची बैठक. एमडनचा कप्तान कार्ल फॉन म्युलर म्हणाला, एखादं जहाज तरी हिंदी महासागरात धाडा. श्पेने त्यालाच धाडलं. सगळा ताफा का नाही नेला? तिकडे अख्ख्या ताफ्याला पुरेल इतका कोळसा कुठून येणार? एकटं जहाज लुटीवर जगू शकतं. उलट दक्षिण अमेरिकेत चिली तटस्थ, तिथे जर्मन व्यापारी, जर्मन दलाल. बंदरोबंदरी बसलेली ही माणसं कोळशाची जहाजं भाड्याने घेऊन ठरल्या जागी पाठवायची. म्हणून पूर्वेला.

युद्धकथांमध्ये याला ‘धाडसी बेत’ म्हणतात. मला तो साठ्याकडे बघून आखलेला बेत वाटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

६ जुलै
पाऊस धो धो. बंकरमध्ये ओला कोळसा तुंबायचा त्या रात्री आठवल्या. वरून घण मारायचे, खाली कोळसा पुढे सारणारा फीडर रिकामा फिरत राहायचा.

भर समुद्रात कोळसा कसा भरत, त्यावर आज लिहिलं. कोळशाचं जहाज शेजारी बांधायचं, दोन्ही जहाजं लाटेवर एकमेकांना धडका देतायत. फावड्याने गोण्या भरायच्या, उचलून इकडे आणायच्या, डेकवरच्या भोकांतून खाली ओतायच्या. खाली बंकरमध्ये माणसं तो कोपऱ्यांपर्यंत सारतायत. हवा नाही, दिवा मिणमिणता, उष्ण कटिबंधातला उकाडा. अधिकारीही हात काळे करायचे आणि डेकवर बँड वाजायचा. बंकर भरले की डेकवर ढीग. तोफांच्या पायाशी कोळसा! हे चित्र मी लेखात दोनदा वापरणार आहे, कारण पुढे केप हॉर्नला हाच डेकवरचा कोळसा कथा फिरवतो.

११ जुलै
आजचा दिवस वसूल. दोन वेगळ्या यादीतल्या तारखा शेजारी ठेवल्या आणि उडालो.

२२ सप्टेंबर १९१४. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास एमडनने मद्रासच्या किनाऱ्यावरच्या बर्मा ऑइलच्या टाक्यांवर तोफा डागल्या. साडेतीन लाख गॅलनच्या आसपास तेल जळालं, शहरातून लोकांची पळापळ झाली. आणि त्याच तारखेला, तिकडे पॅसिफिकमध्ये, श्पे ताहितीच्या पापेएते बंदरासमोर उभा होता. तिथे फ्रेंचांचा कोळशाचा मोठा साठा होता आणि श्पेला तो हवा होता. फ्रेंच अधिकारी देस्त्रमो याने बंदराच्या वाटखुणा काढून टाकल्या आणि कोळशाला काडी लावली. श्पेने ‘झेले’ ही फ्रेंच गनबोट बुडवली, गावाचा बाजारभाग पेटला, गोळे खर्च झाले. कोळसा मात्र खडाभरही मिळाला नाही.

कोळशाचा ढीग पेटला की काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या यार्डात उन्हाळ्यात ढीग आपोआप धुमसायचा, बुलडोझरने उलथून पाणी मारत दोन-दोन दिवस जायचे. समुद्रात उभं राहून दुर्बिणीतून तो धूर बघणं म्हणजे काय, याची कल्पना करू शकतो. हा धूर लक्षात ठेवायचा. अकरा आठवड्यांनी श्पेच्या माणसांना तो परत दिसणार आहे.

एमडनच्या बाबतीतही कोळसाच. ‘पोंतोपोरोस’ हे ग्रीक जहाज तिच्या हाती लागलं, त्यात बंगालचा सुमारे साडेसहा हजार टन कोळसा. पण तो धूर फार करायचा. लपून राहायचं असलेल्या जहाजाला धूर म्हणजे वैरी. पुढे २७ सप्टेंबरला ‘ब्युरेस्क’ सापडलं, त्यात उत्तम वेल्श कोळसा. तेव्हा एमडनवर काय आनंद झाला असेल ते कोळशावाल्यालाच कळेल. आमच्याकडे धुतलेल्या कोळशाचा रेक लागला की पाळीप्रमुख चहा पाजायचे.

२० जुलै
कोरोनेलची लढाई. १ नोव्हेंबर १९१४, चिलीच्या किनाऱ्यापासून दूर. ब्रिटिश अ‍ॅडमिरल क्रॅडॉकच्या जहाजांमागे मावळता सूर्य. श्पे तो बुडेपर्यंत थांबला. मग ब्रिटिश जहाजं तांबड्या आकाशावर काळी उठून दिसू लागली आणि जर्मन जहाजं किनाऱ्याच्या अंधारात मिसळली. ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’ बुडाली, दोन्हींवरचं कोणीही वाचलं नाही. सुमारे १,६०० माणसं. जर्मन बाजूला तीन जखमी.

लढाईवर मी चारच ओळी ठेवल्यात. बाईंना जास्त हव्या असतील. पण माझ्या हिशेबात महत्त्वाचं हे, की मोठ्या तोफांचे जवळजवळ निम्मे गोळे त्या संध्याकाळी उडाले. कोळसा मागून घेता येतो, लुटता येतो. २१ सेंटिमीटरचे जर्मन गोळे वाल्पाराइसोच्या बाजारात मिळत नाहीत. ७ नोव्हेंबरला त्सिंगटाओ जपानच्या हाती पडलं, दोन दिवसांनी कोकोस बेटांपाशी एमडन संपली.

वाल्पाराइसोत त्याला कुणी फुलं दिली आणि तो म्हणाला की ही माझ्या थडग्यावर शोभतील, ही गोष्ट प्रत्येक जण सांगतो. मी गाळली.

२ ऑगस्ट
आठ दिवस लेखाला हात नाही. चष्म्याचा नंबर बदलला.

आता ब्रिटिश बाजू. कोरोनेलनंतर लंडनने ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ ही दोन बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका, दक्षिणेला काढली. १२ इंची तोफा, २५ नॉट वेग. श्पेपेक्षा वेगवान, श्पेपेक्षा लांब पल्ल्याची. डेव्हनपोर्टच्या गोदीने कळवलं, १३ नोव्हेंबरच्या आधी जमणार नाही, इन्व्हिन्सिबलच्या बॉयलरचं विटकाम राहिलंय. वरून हुकूम आला : ११ लाच निघायचं, लागले तर गोदीचे कामगार सोबत घ्या.

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. बॉयलरचं विटकाम! ओव्हरहॉलिंगमध्ये हेच कायम मागे राहतं. आत भट्टीत मिस्त्री उकिडवे बसून फायरब्रिक लावतायत आणि बाहेर वरिष्ठ घड्याळ बघतायत. ते दोन दिवस तिथे वाचले.

तरी अ‍ॅडमिरल स्टर्डी रमतगमत गेला. वाटेत तोफांचा सराव केला, तेव्हा लक्ष्य ओढणारी तार इन्व्हिन्सिबलच्या पंख्यात अडकली आणि अर्धा दिवस गेला. ब्राझीलजवळ आब्रोल्योसला आणखी एक दिवस मुक्काम ठरला होता; ‘ग्लासगो’चा कप्तान ल्यूस, कोरोनेलमधून सुटून आलेला, स्वतः जाऊन बोलला आणि एक दिवस आधी निघाले. ७ डिसेंबरला सकाळी दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांचं स्टॅन्ली बंदर गाठलं.

९ ऑगस्ट
आज लेखाचा कणा लिहिला. पिक्टन.

श्पे २६ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्यावरून निघाला, बंकर भरून आणि डेकवर ढीग रचून. केप हॉर्नला तुफान. लाटा डेकवरून वाहायला लागल्या. कोळशाने पाणी वाहून जायची तोंडं बुजली, जहाजं कलायला लागली. शेवटी डेकवरचा कोळसा फावड्याने समुद्रात. ज्यासाठी बंदरोबंदरी हात पसरले, तो स्वतःच्या हाताने फेकला. मग ड्रेसडेनने कळवलं, पुढच्या पल्ल्याला आपला साठा पुरणार नाही.

२ डिसेंबरला समोर आलं ‘ड्रमम्युअर’. ब्रिटिश शिडाचं जहाज, पोटात २,८०० टन वेल्श कोळसा. भुकेल्यासमोर ताट. ते ओढत पिक्टन बेटाच्या आडोशाला नेलं आणि ३ ते ६ डिसेंबर कोळसा उतरवून घेतला. श्पे त्या दिवसांत ग्नायझेनाउवर ब्रिज खेळायला गेला. धाकटा मुलगा हाइनरिश त्याच जहाजावर होता.

थेट गेला असता तर स्टॅन्लीला पोचला असता तेव्हा तिथे चिखलात रुतवून ठेवलेलं ‘कॅनोपस’ हे म्हातारं जहाज तेवढं होतं. स्टर्डी वाटेत होता. २,८०० टन म्हणजे आमच्या एका संचाचा वीस तासांचा खुराक.

स्टॅन्लीवर जायलाच नको होतं, असं ग्नायझेनाउच्या मेर्करसकट तीन कप्तानांचं म्हणणं. श्पेने ऐकलं नाही. तिथलं बिनतारी केंद्र आणि, अर्थात, कोळसा. इथे मला तो चुकला असं वाटतं. पिक्टनवर थांबल्याबद्दल त्याला दोष देणार नाही. पण दोन्ही जहाजांचे निम्मे गोळे संपलेले असताना बंदरावर जाणं हा साठ्याचा हिशेब नव्हता, सवयीचा होता. पाच महिने कोळसा दिसेल तिकडे जाऊन-जाऊन पाय आपोआप तिकडेच वळला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून आलो आणि शेवट लिहिला.

८ डिसेंबर, सकाळ, कधी नव्हे ती स्वच्छ हवा. ग्नायझेनाउ आणि न्यूर्नबर्ग पुढे टेहळणीला. बंदरातून काळा धूर उठताना दिसला. जर्मनांना वाटलं, ब्रिटिश साठा जाळतायत, पापेएतेसारखा. प्रत्यक्षात स्टर्डीचा ताफा कोळसा भरता भरता घाईने वाफ धरत होता! त्या धुराच्या मागे तीन पायांच्या डोलकाठ्या दिसल्या. तसल्या डोलकाठ्या ब्रिटिशांच्या नव्या मोठ्या जहाजांनाच असायच्या.

कोळसा भरत असताना ब्रिटिश ताफा किती उघडा होता, यावर जाणकारांचा वाद आहे. मी एवढंच लिहिलं : श्पे मागे वळला. दुपारी एकच्या आधी पाठलाग करणाऱ्यांचा पहिला गोळा आला. तेव्हा त्याने लहान जहाजांना पळायला सांगितलं आणि दोन मोठी जहाजं स्वतः पाठलागावर आलेल्यांच्या अंगावर घातली. चार वाजून १७ मिनिटांनी शार्नहोर्स्ट श्पेसकट सगळ्यांना घेऊन बुडालं. सहाच्या सुमारास ग्नायझेनाउ, हाइनरिशसह. न्यूर्नबर्गही गेलं, त्यावर ओटो. जर्मन मृत सुमारे २,२००, ब्रिटिश १०. ड्रेसडेन तेवढं निसटलं आणि मार्चपर्यंत लपत राहिलं.

बायको मार्गारेटे. एका दिवसात नवरा आणि दोन्ही मुलगे. इथे मी कुठलंही विशेषण लावलं नाही, वाक्य तसंच सोडलं.

२४ ऑगस्ट
३,४०० शब्द झाले. ४०० कापायचे. १९३४ मध्ये मुलगी हुबेर्टाच्या हस्ते पाण्यात उतरलेलं ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ आणि १९३९ मध्ये माँटेव्हिडिओबाहेर त्याच्याच कप्तानाने बुडवलेलं तेच जहाज, हा परिच्छेद कापला. एक ओळ वाचवली : ते जहाज डिझेलवर चालायचं. शार्नहोर्स्टचा सांगाडा २०१९ मध्ये १,६१० मीटर खोल सापडला, तेही एका ओळीत.

नातीने ड्रॉइंग शीटवर मार्ग काढून दिला. लाल टिंब म्हणजे लढाई, काळं टिंब म्हणजे कोळसा. लाल चार झाली, काळी मोजता मोजता तीच कंटाळली. शाळेच्या अ‍ॅटलासात पिक्टन नाही. केप हॉर्नच्या वर पेन्सिलीने ठिपका दिला.

३० ऑगस्ट
लेख पाठवला. एक दिवस आधी. पाळी सोडताना लॉगबुकवर सही करायची सवय, म्हणून खाली सहीही केली. बाईंनी विचारलं, कोळशाच्या हिशेबाचा तक्ता खरंच छापायचा का? म्हटलं, लेख कापा, तक्ता ठेवा.

१९ सप्टेंबर
मुद्रितं आली. ‘श्पे’ सगळीकडे नीट. ग्नायझेनाउ तीन प्रकारांनी छापलंय, ते सरळ केलं. पान सातवर : ‘ताफ्याने तीन दिवस पिकनिक केली.’ पिक्टनचं पिकनिक. ब्रिजचा डाव आठवून क्षणभर तसंच ठेवावंसं वाटलं. मग लाल पेनने खोडलं आणि समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं : पिक्टन. कोळसा.